दर दिवाळीला पांढरे, दर श्रावणात हिरवे: अंगणातल्या गोट्यांचं नेमकं काय बिनसतं?

तक्रार साधारण अशी असते. घराच्या उत्तरेला किंवा कंपाउंडच्या भिंतीलगत एक पट्टा असतो. ऊन धड येत नाही, लॉन जगत नाही, माती उघडीच. दिवाळीच्या आधी कुणीतरी सुचवतं, "पांढरे गोटे टाका, कोपरा उजळून निघेल." पोती येतात, कोपरा उजळतो, फोटो निघतात. जूनमध्ये दोन-चार सरी झाल्या की कडेने हिरवी झाक दिसू लागते, श्रावणापर्यंत सगळा पट्टा शेवाळी होतो आणि गणपतीला पाहुणे यायच्या सुमारास मधूनमधून गवत डोकं वर काढतं. मग ऑक्टोबरात त्यावरच आणखी चार पोती.

आमच्या पुण्याच्या घरी हा खेळ तीन वर्षं चालला. चौथ्या वर्षी वैतागून कुदळ घातली, तर गोट्यांचे तीन थर निघाले, आणि दर दोन थरांमध्ये दोन बोटं काळी भुसभुशीत माती. ती माती आम्ही कुणी आणून टाकली नव्हती. ती आली कुठून, हे कळलं तेव्हा बाकीचंही उलगडलं.

आधी ओंजळभर गोटे उचलून बघा

नवीन पोतं आणण्याआधी चार दिवसांची उघडीप बघून पट्ट्याच्या तीन वेगवेगळ्या जागांवरून ओंजळ-ओंजळ गोटे उचला. गोटा फक्त वरच्या अंगाने हिरवा आणि खालून पांढराच असेल, तर ते शेवाळ आहे. त्याला ओल आणि उजेड लागतो, माती नसली तरी चालते. गोट्यांच्या फटींत काळा, हलका, पालापाचोळ्याचा वास येणारा चुरा असेल, तर घाण वरून येते आहे. गोट्याच्या बुडाला चिकट चिखल असेल आणि काही गोटे अर्धे जमिनीत रुतलेले असतील, तर ती खालून येते आहे. आणि पांढरट-पिवळट खरखरीत पुटं असतील, तर तो बोअरच्या पाण्याचा क्षार.

बहुतेक अंगणात यातल्या किमान दोन गोष्टी एकत्र सापडतात. आमच्याकडे चारही होत्या.

वरून येणारी माती

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते याकडे. शेजारच्या आवारातल्या गुलमोहराची एक फांदी आमच्या पट्ट्यावर येते. गुलमोहराचं पान म्हणजे शेकडो बारीक पर्णिका. पानगळीत त्या तिळासारख्या खाली झरत राहतात. मोठं पान गोट्यांवर पडलं तर उचलता येतं, पण ही पर्णिका थेट फटीत जाते. खराट्याने काढायला जावं तर आणखी आत सरकते. पावसाळ्यात ती कुजते, आणि दोन वर्षांत गोट्यांखाली उत्तम खत तयार होतं. त्यात वाऱ्याने बी येऊन पडतं, पक्ष्यांच्या विष्ठेतून पडतं, आणि रुजतं. आमच्याकडे पिंपळाची दोन रोपं निघाली.

लोक म्हणतात, "खाली वीड मॅट (तण अडवणारं कापड) घातली होती तरी गवत आलंच." मॅट बिचारी शाबूत असते. गवत तिच्या वर साठलेल्या मातीत उगवलेलं असतं आणि मुळं वरून खाली गेलेली असतात. ओढून बघा. सगळी मुळं गोट्यांच्या थरातच सुटून आली तर दोष मॅटचा नाही, झाडाखाली गोटे घालण्याच्या निर्णयाचा आहे.

म्हणून गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष, कडुलिंब, चिंच अशा बारीक पानांच्या झाडाखाली २०-४० मिलिमीटरचे गुळगुळीत गोटे घालूच नयेत, असं माझं ठाम मत झालं आहे. तिथे गळणारी पानं ज्यात खपून जातील असं काहीतरी हवं. नारळाच्या सोडणाचे तुकडे, ज्यांना नर्सरीवाले कोको चिप्स म्हणतात, ते तांबूस-तपकिरी दिसतात आणि गुलमोहराची पर्णिका त्यांत पडली तरी डोळ्यांना खुपत नाही. कुजली तर झाडांनाच मिळते. वर्ष-दोन वर्षांनी भर घालावी लागते, हे मान्य. मुसळधार पावसात ते तरंगून वाहतात, म्हणून उतारावर आणि पन्हळीच्या तोंडाशी नकोत. वाळवीचा इतिहास असलेल्या घरात भिंतीपासून फूटभर मोकळं सोडा. लाकडाचे तुकडे वापरणार असाल तर हे दुप्पट सांभाळा. कोकणातल्या मंडळींना काजूची टरफलं फुकट मिळतात, पण त्यातलं तेल हातापायाला भाजतं. जिथे मुलं खेळतात तिथे ती नकोत.

झाडाखाली दगडच हवा असेल तर उलट टोकाला जा आणि मोठ्या फरश्या घाला. फरशीवरचा पाला झाडून निघतो. मधल्या फटींत ६ ते १० मिलिमीटरची बारीक खडी भरली की ती घट्ट बसते, पर्णिका वरच राहते, आणि हिराच्या खराट्याचा हलका हात फिरवला की निघून जाते.

खालून येणारी माती, आणि लव्हाळा

काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला सांगावा लागत नाही, पण शहरात घर बांधणारे आपण विसरतो. ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि बोटभर रुंद भेगा पडतात. त्या भेगांत गोटे उतरतात. पुढच्या पावसात माती फुगून वर येते आणि गोटे गिळते. वर कितीही पोती ओता, ही चक्की चालूच राहते.

उपाय दगडाखाली आहे. चार-पाच इंच काळी माती काढून टाका, तीन इंच मुरूम पसरा, पाणी मारा, धुम्मसने ठोका, दहा फुटांना दीडेक इंच उतार भिंतीपासून दूर द्या. त्यावर मॅट आणि त्यावर दगड. मॅट म्हणजे बांधकामावरचं काळं प्लास्टिक नव्हे. त्यातून पाणी जात नाही, खाली कुबट वास सुटतो, शेजारच्या झाडांची मुळं गुदमरतात आणि वर पाणी साचून शेवाळाची सोय होते. पाणी झिरपू देणारी विणलेली मॅट किंवा जाड जिओटेक्स्टाइल घ्या, सांध्यावर सहा इंच एकावर एक येऊ द्या. आमचे माळीकाका सांध्याला फक्त दोन इंच सोडत होते. तिथूनच सगळं डोकावलं.

लव्हाळा मात्र कोणत्याही मॅटला भीक घालत नाही. त्याच्या कोंबाचं टोक सुईसारखं असतं, प्लास्टिकसुद्धा टोचून वर येतं, आणि खाली त्याच्याच, म्हणजे नागरमोथ्याच्या, गाठी माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. वरून उपटलं की गाठ खालीच राहते आणि नव्या जोमाने फुटते. ओळखायची खूण सोपी आहे: देठ बोटांत फिरवून बघा, तिधारी लागला तर लव्हाळा. हरळीचा देठ गोल असतो. लव्हाळा असेल तर त्या वर्षी गोटे घालू नका. सरळ एक हंगाम द्या. ओली माती खणून गाठी वेचा, पंधरा-वीस दिवसांनी जे फुटेल ते पुन्हा खणा, पुन्हा वेचा. एप्रिल-मे महिन्यांत ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने बुजवून महिना-दीड महिना ठेवलं तर पट्ट्याला ऊन असल्यास हरळीला आणि बियांना बऱ्यापैकी चाप बसतो. लव्हाळ्याला तो अर्धवटच बसतो, खणणं सुटत नाही. कंटाळवाणं काम आहे. मी ते दोनदा टाळलं आणि दोनदा पैसे वाया घालवले.

पाण्याची वाट

शेवाळाचा नकाशा नीट बघा. ते सगळीकडे सारखं नसतं. आमच्याकडे सगळ्यात गडद हिरवं एसीच्या नळीखाली होतं, त्याखालोखाल वळचणीखाली. एसीची नळी पाइप जोडून आळ्यात सोडली, तर उन्हाळ्यातलं शेवाळ जवळपास थांबलं. वळचणीचं पाणी मात्र अडवता येत नाही. तिथे फूटभर रुंद चर काढून मुठीएवढे काळे गोटे भरले. पाणी त्यांच्यावर आदळून खाली जिरतं आणि भिंतीवर उडणारे चिखलाचे शिंतोडेही थांबले. काळ्या दगडावर शेवाळ आलं तर ते शोभतं, हा वरचा फायदा.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. सावलीतल्या ओल्या जागेत पांढरा दगड उजळ दिसतो तो फक्त कोरडा असेपर्यंत. भिजला की तो करडा पडतो, आणि चार महिने तो भिजलेलाच असतो. कोकणात आणि गोव्यात तर विचारूच नका. तिथे जांभा दगडही जुलैत मखमलीसारखा हिरवा होतो, आणि खरं सांगायचं तर तो तसाच छान दिसतो. शेवाळ येणारच असेल, तर शेवाळ ज्याला शोभतं तो दगड तिथे घालावा. पुण्यात तो काळा पाषाण, कोकणात जांभा.

हातातला पांढरा दगड कोणता?

दुकानात 'व्हाइट पेबल' म्हणून जे मिळतं ते दोन अगदी वेगळ्या जातींचं असतं. एक संगमरवर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, बराचसा राजस्थानातून येणारा. दुसरी गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, जी एकमेकींवर आपटून लहानपणी अंधारात ठिणग्या पाडल्या असतील. परीक्षा घरात होते. लोखंडी खिळ्याने गोटा खरवडा. संगमरवराला ओरखडा पडतो, गारगोटीला पडत नाही, उलट खिळ्याचीच करडी रेघ तिच्यावर उमटते. मग खरवडलेल्या जागी लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले तर संगमरवर. आधी खरवडायचं कारण असं की चकाकीसाठी वर पॉलिशचा थर असतो आणि तो परीक्षा फसवतो.

हा फरक साफसफाईच्या दिवशी महागात पडतो. शेवाळ काढायला कुणीतरी हमखास संडास साफ करायचं अ‍ॅसिड सुचवतं. संगमरवरावर ते ओतलं की फेस येतो, क्षणभर दगड पांढराशुभ्र दिसतो, आणि आपण खूश होतो. प्रत्यक्षात वरचा थर विरघळलेला असतो. राहतो तो खडबडीत, छिद्रांचा पृष्ठभाग, ज्यात पुढचं शेवाळ आणखी घट्ट रुजतं. आमचा दुसऱ्या वर्षीचा थर पहिल्यापेक्षा लवकर हिरवा झाला तो याच पराक्रमामुळे. लिंबू आणि व्हिनेगरही संगमरवराला नकोतच. शहाबादी आणि कोटा या फरश्याही चुनखडीच्या जातीच्या, त्यांनाही हाच नियम.

गारगोटीवरचे क्षार व्हिनेगरने निघतात. शेवाळासाठी दोन्ही जातींना ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी चालतं, पण ते पट्ट्यात ओतू नका, झाडं जळतात. गोटे घमेल्यात घेऊन बाजूला धुवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, भरपूर साध्या पाण्याने खळबळा आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवा. आणि ब्लीचिंग पावडर व अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, छातीत भरतो. गच्चीवर उघड्यावरसुद्धा नको.

रंगीत गोटे? निळे, गुलाबी, पोपटी. त्यातले बरेचसे रंगवलेले असतात. ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात घासून बघा आणि फडक्याला रंग लागला तर तिथेच ठेवून या. नदीतून स्वतः वेचून आणायचा मोहही टाळावा. नदीतला दगड-वाळू हे गौण खनिज आहे, परवानगीशिवाय उचलता येत नाही, आणि नदीला त्यांची आपल्यापेक्षा जास्त गरज आहे.

झाड पिवळं पडलं तर

गोटे टाकल्यावर वर्षभरात एक्झोरा किंवा अनंताची कोवळी पानं पिवळी पडली आणि शिरा मात्र हिरव्या राहिल्या, तर खताच्या पिशवीकडे धावण्याआधी बुंध्याशी बघा. संगमरवराचा चुरा पावसाने हळूहळू विरघळत जमिनीत चुना सोडतो. काळी माती मुळातच अल्कधर्मी, त्यात ही भर. अशा मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. एक्झोरा, अनंत यांना आंबट माती लागते. त्यांच्याभोवतीचे संगमरवरी गोटे दोन फूट मागे सारा आणि तिथे शेणखत-पाचोळा घाला. लगेच उठाव हवा असेल तर चिलेटेड लोहाची फवारणी करा. गारगोटीने हा त्रास होत नाही.

कोणताही दगड असो, बुंध्यापासून वीतभर अंतर ठेवा. आणि दक्षिण-पश्चिमेच्या उन्हात पांढरे गोटे असतील तर त्यांची तिरीप पानांना खालून भाजते. मनीप्लांट-सिंगोनियमसारखी सावलीतली झाडं तिथे करपतात, दोष मात्र माळीकाकांच्या पाण्याला लागतो.

मग निवडायचं काय?

कृत्रिम गवताबद्दल एकच सांगते: मे महिन्यात दुपारी अनवाणी चालून बघा.

जिवंत आच्छादन सावलीतसुद्धा चांगलं उजळ दिसतं, फक्त उजेड दगडाकडून न मागता पानाकडून मागायचा. पांढऱ्या काठाचं स्पायडर प्लांट, पांढऱ्या पट्ट्यांचं ऑफियोपोगॉन, फिकट पानांचं सिंगोनियम ही सावलीत टिकतात आणि भिजली की आणखी उजळतात. दगडाचं नेमकं उलटं होतं. अर्धा दिवस ऊन असेल तर शोभेचा भुईमूग लावा. पिवळी फुलं येतात, शेंगवर्गातला असल्याने जमिनीला नत्र देतो, आणि लॉनसारखी कापणी मागत नाही. पूर्ण ऊन असेल तर ऑफिस टाइमची फुलझाडं आहेतच. नर्सरीत 'काही न करता पसरतं' म्हणून वेडेलिया देतील. काही न करता पसरतं हे शंभर टक्के खरं, आणि म्हणूनच आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या जगातल्या १०० घातक आक्रमक जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. ते घेऊ नका.

दगडाचा हिशोबही आधी करा, म्हणजे मोह आपोआप आवरतो. आमचा पट्टा २० फूट बाय ४ फूट, म्हणजे ८० चौरस फूट. दोन इंच थराला सव्वातेरा घनफूट दगड लागतो. एक घनफूट गोटे साधारण ४२ किलो धरा. झाले जवळपास ५६० किलो, ५० किलोची अकरा-बारा पोती. खडीवाल्याशी बोलताना लक्षात ठेवा की तो ब्रासमध्ये बोलतो आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ५६० किलो गोटे दरवर्षी धुणं, चाळणं कुणाच्याही पाठीला झेपणारं नाही. आणि जे धुता येत नाही ते पांढरं राहणार नाही, हे तीन वर्षांत कळलं होतं.

मला वाट दाखवली ती सासूबाईंनी. त्या कोकणातल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे अंगण दरवर्षी करायचं. पाऊस संपला की खणायचं, चोपण्याने चोपायचं, शेणाने सारवायचं. पावसात कुठलं आलंय अंगण?" म्हणजे तिकडे जमिनीचं आच्छादन कायमचं असतं असं कुणी समजतच नव्हतं. ते ऋतूपुरतं होतं.

त्यावरून पट्ट्याचे तीन भाग पाडले. गुलमोहराच्या फांदीखालचे आठ फूट स्पायडर प्लांट आणि ऑफियोपोगॉन, मधे सोडणाचे तुकडे. पुढचे आठ फूट खडबडीत शहाबादी फरश्या आणि फटींत बारीक काळी खडी. चालायला हीच बरी, गोल गोटे पायाखाली घसरतात आणि सासूबाईंचं वय आता अठ्ठ्याहत्तर आहे. दाराजवळच्या शेवटच्या चार फुटांत तेवढी पांढरी गारगोटी, चारी बाजूंनी उभ्या विटांची कड, वीट गोट्यांच्या वर दोन इंच. सोळा चौरस फुटांना लागले सव्वाशे किलोच्या आत. उजळपणा मात्र आधीपेक्षा कमी वाटत नाही, कारण दारातून डोळा पहिल्यांदा तिथेच जातो आणि शेजारी काळी खडी असल्याने पांढरं आणखी पांढरं दिसतं.

मे महिन्याच्या शेवटी आम्ही ती गारगोटी उचलतो. वाळूच्या चाळणीवर चाळली की पर्णिका आणि चुरा खाली पडतो. मग कांद्याच्या जाळीदार गोण्यांत अर्ध्या-अर्ध्या भरून जिन्याखाली ठेवतो. गोणी अर्धीच भरायची, नाहीतर उचलताना जाळी फाटते. पावसाळाभर दाराजवळच्या त्या चार फुटांत मॅटवर तेरड्याच्या कुंड्या असतात. दसऱ्यानंतर कुंड्या हलवायच्या, मॅट झाडायची, गोटे परत ओतायचे. दोन माणसांना सकाळचे दोन तास लागतात. यंदा तिसरं वर्ष, एकही नवं पोतं आणलेलं नाही. शेजारच्या मांजराला मात्र ही जागा अजून फार आवडते. त्यावर लिंबाची सालं, कॉफीचा चोथा, सगळं करून झालं. सध्या गोट्यांमध्ये बोगनवेलीच्या काटेरी काटक्या खोचल्या आहेत, आणि निदान गेल्या महिन्यात तरी ते फिरकलेलं नाही.